दियत्रफेसाने नेमके काय बिघडवले? योहानाच्या तिसऱ्या पत्रातला पाहुणचार आणि पहिलेपणाची हाव

प्रश्न असा आहे: बायबलच्या नव्या करारातल्या योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस प्रवासी बंधूंना घरात घेत नाही म्हणून त्याला बोल लावला आहे. पण दुसऱ्या पत्रात हाच लेखक बजावतो की खरे शिक्षण न घेऊन येणाऱ्याला घरात घेऊ नका, त्याचे क्षेमकुशलही विचारू नका. मग दियत्रफेसाने वेगळे काय केले? आणि पाहुण्याला जेवू घालण्यावरून मंडळीत एवढे मोठे भांडण का व्हावे?

आधी दुसऱ्या भागाचे उत्तर देतो, कारण ते कळल्याशिवाय पहिला भाग सुटत नाही.

आपण 'पाहुणचार' म्हटले की चहा, जेवण, आग्रह असे डोळ्यांपुढे येते. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत पाहुणचार ही टपालव्यवस्था होती, प्रचारव्यवस्था होती, बातमी पोहोचवण्याची सोय होती आणि कोण आपला, कोण परका हे ठरवायची जागाही तीच होती. मंडळीला स्वतःची इमारत नव्हती. सभा कोणाच्या तरी घरात, कामाच्या जागेत किंवा भाड्याच्या खोलीत भरे. उत्खननात सापडलेले सर्वांत जुने, निःसंशय ख्रिस्ती सभागृह म्हणजे सिरियातल्या डुरा-युरोपोस इथले. तेही मुळात घरच होते. सुमारे इ.स. २४० च्या सुमारास मधली भिंत पाडून साधारण १३ मीटर लांब, ५ मीटर रुंद दालन केले, म्हणजे साठ-सत्तर माणसे दाटीवाटीने बसतील एवढे. योहानाची पत्रे याच्याही सव्वाशे-दीडशे वर्षे आधीची. मराठी बायबलने 'एक्लेसिया' (चर्च) या ग्रीक शब्दासाठी 'मंडळी' हा शब्द घेतला, तो इथे फार चपखल बसतो. 'घरची मंडळी' म्हणताना आपण जे म्हणतो, त्याच्या जवळचाच तो प्रकार होता.

आता प्रवास. पायी चालणारा माणूस दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर जाई. रस्त्यावर सराया होत्या. ग्रीकमध्ये त्यांना 'पान्दोखेइओन' म्हणत, म्हणजे सगळ्यांना घेणारी जागा. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणसाला नेतात तीच. पण त्यांची कीर्ती वाईट होती: ढेकूण, चोऱ्या, पाणी घातलेला द्राक्षारस आणि वेश्याव्यवसाय. पदराला पैसे नसलेला आणि अब्रू सांभाळणारा माणूस शक्यतो ओळखीच्या घरी उतरे. ख्रिस्ती प्रवाशाची ओळख म्हणजे त्या गावातली मंडळी. म्हणून नव्या करारात पाहुणचाराची आज्ञा इतक्या ठिकाणी येते: रोमकरांस १२:१३, इब्री १३:२, १ पेत्र ४:९. पेत्राच्या पत्रात तर 'कुरकुर न करता' अशी पुस्तीही जोडली आहे. म्हणजे कुरकुर होत होती, हे वेगळे सांगायला नको. १ तीमथ्य ३:२ मध्ये अध्यक्ष (बिशप) होऊ पाहणाऱ्याच्या पात्रतेत 'अतिथिप्रिय' हा गुण 'शिकवण्यात निपुण' याच्या अगदी शेजारी बसवला आहे.

हे सगळे प्रत्यक्षात कसे घडे, ते क्रमाने पाहा.

पाहुणा दारात येतो. हातात बहुधा पत्र असते, कोणाचे तरी शिफारसपत्र. फीबी या स्त्रीला प्रेषित पौलाने रोमकरांस १६:१-२ मध्ये असेच पत्र दिले: ती किंख्रियाच्या मंडळीची सेविका आहे, तिला स्वीकारा, तिला लागेल त्या कामात मदत करा. अशी पत्रे इतकी रूढ होती की २ करिंथ ३:१ मध्ये पौल वैतागून विचारतो, 'आम्हालाही तुमच्याकडे शिफारसपत्रे आणावी लागतात की काय?' पत्र वाचले की पाय धुणे. १ तीमथ्य ५:१० मध्ये विधवेच्या पात्रतेच्या यादीत हे काम नावानिशी आहे. मग जेवण, झोपायला जागा. सभेच्या दिवशी पाहुण्याला बोलायची संधी. आणि शेवटी निरोप. हा शेवटचा भाग भाषांतरात हरवतो. ३ योहान ६ मध्ये गायसाला सांगितले आहे की या बंधूंना देवाला शोभेल अशा रीतीने वाटेला लाव. मूळ क्रियापद आहे 'प्रोपेम्पो'. त्याच्या वापरात नुसता निरोप नाही. पुढच्या टप्प्याची शिदोरी, लागले तर पैसे, सोबतीला माणूस आणि पुढच्या गावासाठी ओळख एवढे सगळे त्यात बसते. तीत ३:१३ मध्ये जेनास आणि अपुल्लो यांना वाटेला लावताना 'त्यांना काही उणे पडू नये' असे स्पष्ट सांगितले आहे. मराठीत याला 'बोळवण' हा नेमका शब्द होता. आता बोळवण म्हणजे माणसाला वाटेला लावणे, पण टाळण्याच्या अर्थाने. हा शब्द फिरला ते दुर्दैवच.

या व्यवहारात यजमानाच्या पदरात काय पडे? बातमी आधी त्याच्याकडे येई. पत्र आधी त्याच्या हातात पडे. पाहुणा कुठे बसेल, सभेत बोलेल की नाही, हे घरमालकच ठरवी, कारण सभा त्याच्याच घरात. रोमन समाजात जेवणाची मांडणी म्हणजे मानापानाची मांडणी होती. रीतसर भोजनगृहात तीन कोच, प्रत्येकावर तीन माणसे, एकूण नऊ. बाकीचे बाहेर अंगणात. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी एक उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन तर्र होतो (१ करिंथ ११:२१), त्याची मुळे काही अभ्यासक या मांडणीतच शोधतात. सगळ्याच ख्रिस्ती यजमानांची घरे अशी ऐसपैस नव्हती, पुष्कळ जण कारागिरांच्या वस्तीत राहत, तेव्हा हे चित्र सरसकट लावू नये. पण मुद्दा टिकतो: दार ज्याच्या हातात, त्याच्या हातात मंडळीची बरीच सूत्रे. याकोब २:२-४ मध्ये सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला 'माझ्या पायाशी बस' हे जे उदाहरण आहे, ते याच दाराच्या आतले.

आता पत्राकडे वळू.

तिसरे पत्र मूळ ग्रीकमध्ये सुमारे २२० शब्दांचे आहे, नव्या करारातले सर्वांत छोटे. पपायरसच्या एका तावात मावेल एवढे. 'येशू' किंवा 'ख्रिस्त' हे नाव त्यात एकदाही येत नाही. बंधू 'त्या नावासाठी' बाहेर पडले एवढेच म्हटले आहे. शेवटी लेखक म्हणतो की पुष्कळ सांगायचे आहे, पण शाई आणि लेखणीने लिहायची इच्छा नाही. तिथला लेखणीसाठीचा ग्रीक शब्द 'कालामोस', म्हणजे बोरू. तोच अरबीतून 'कलम' होऊन आपल्याकडे आला.

पत्रात माणसे तीन. गायस हा ज्याला पत्र लिहिले तो. त्याने अनोळखी बंधूंना घरात घेतले आणि त्यांनी परत जाऊन वडिलाच्या (पत्राचा लेखक स्वतःला 'वडील' म्हणजे मंडळीतला ज्येष्ठ म्हणवतो) मंडळीसमोर त्याची साक्ष दिली. हे बंधू 'परराष्ट्रीयांकडून काहीही न घेता' निघाले होते (वचन ७). याचा व्यवहारी अर्थ नीट पाहा. त्या काळी रस्तोरस्ती झोळी घेऊन भिक्षा मागत उपदेश करणारे सिनिक तत्त्वज्ञ फिरत. या बंधूंनी ती वाट बंद केली होती. श्रोत्यांकडून पैसे घेतले की सुवार्ता विकाऊ वाटते, म्हणून त्यांनी घेतले नाहीत. मग पोटाचे काय? ती सोय फक्त वाटेवरच्या मंडळ्यांची घरे. एका गावाने दार लावले की पुढचा सगळा प्रवास मोडला. म्हणूनच वचन ८ मध्ये पाहुणचार करणाऱ्याला नुसते दयाळू म्हटलेले नाही, तर 'सत्याचा सहकारी' म्हटले आहे.

आणि दियत्रफेस. नावाचा अर्थ 'झ्यूसने वाढवलेला', होमरच्या काव्यातले जुने विशेषण. त्यावरून तो बड्या घराण्यातला असावा असे काही जण म्हणतात, पण नावावरून घराणे काढणे धोक्याचे. वडील त्याचे वर्णन एका शब्दात करतो: 'फिलोप्रोतेउओन', त्यांच्यात पहिला असण्याची आवड असलेला. हे क्रियापद नव्या करारात दुसरीकडे कुठेही नाही. मराठीत त्याला 'अधिकार गाजवण्याची लालसा' म्हणतात. अर्थ जवळपास बरोबर, पण मूळ शब्दात 'पहिला' हा कणा आहे. मार्क १०:४४ आठवून पाहा: तुमच्यात जो पहिला होऊ पाहतो त्याने सर्वांचा दास व्हावे. शब्दांची ही जवळीक पहिल्या श्रोत्यांच्या लक्षात आली असेल असे मला वाटते.

त्याच्यावरचे आरोप वचन ९-१० मध्ये चढत्या क्रमाने मांडले आहेत, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर या क्रमात आहे.

पहिला: वडिलाने मंडळीला काही लिहिले होते, ते तो मान्य करत नाही, 'आम्हाला स्वीकारत नाही'. दुसरा: आमच्याविरुद्ध वाईटसाईट बडबड करतो. 'फ्लुआरोन' या शब्दात खोटेपणापेक्षा पोकळ वटवटीचा भाव जास्त आहे. तिसरा: एवढ्यावर न थांबता स्वतः बंधूंना स्वीकारत नाही. चौथा: जे स्वीकारू इच्छितात त्यांना अडवतो. पाचवा: त्यांना मंडळीबाहेर काढतो.

पहिल्या तीन गोष्टी वाईट असतील, पण त्या एका माणसाच्या मर्यादेतल्या आहेत. आपल्या घरी कोणाला उतरवावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. चौथ्या-पाचव्यात तो दुसऱ्यांच्या दारांवर हात ठेवतो. बिघाड इथे होतो. एकाचे दार बंद असले तरी मंडळीत आणखी पाच घरे असतात; पाहुणा उपाशी मरत नाही, निरोप पोहोचतो, दुसरी बाजू ऐकली जाते. सगळी दारे एकाच्या कडीत अडकली की गावाला बाहेरचे काही कळेनासे होते. दियत्रफेसाचा गर्व स्वभावातला असेल, पण पत्राची तक्रार स्वभावाबद्दल नाही, या व्यवस्थेबद्दल आहे. 'गर्व वाईट' एवढ्यावर प्रवचन संपवले तर पत्राचा अर्धा भाग वाया जातो.

तो कोण होता यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. हार्नाकच्या मते फिरत्या प्रचारकांविरुद्ध उभा राहिलेला, एकट्याने कारभार पाहणारा सुरुवातीचा स्थानिक अध्यक्ष. वाल्टर बावरच्या मते पाखंडी गटाचा पुढारी. केझेमानने सगळे उलटे करून टाकले: सनातनी दियत्रफेस होता आणि वडील हाच बहिष्कृत. मॅल्हर्बीने भर दिला तो घरावर. मंडळी दियत्रफेसाच्याच घरात भरत असेल, तर 'मंडळीतून काढणे' म्हणजे साधेपणाने 'माझ्या घरात यायचे नाही' एवढेच असू शकते. पद असायलाच हवे असे नाही. मला हे शेवटचे म्हणणे पत्राच्या मजकुराला सर्वांत जवळचे वाटते. बावरच्या मतात अडचण अशी की वडील पाखंडाबद्दल तोंड आवरणारा माणूस नाही. दुसऱ्या पत्रात तो 'फसवणारा, ख्रिस्तविरोधी' असे शब्द सरळ वापरतो. इथे तसे एक अक्षरही नाही. हत्यार हातात असते तर त्याने ते उपसले असते.

म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या पत्रातला फरक असा. दुसऱ्या पत्रात कसोटी उघड सांगितली आहे: येशू ख्रिस्त देहाने आला हे मान्य आहे की नाही. ती सगळ्या मंडळीला सांगितली आहे ('निवडलेली बाई आणि तिची मुले' म्हणजे मंडळी आणि तिचे सभासद, असे बहुतेक जण मानतात), आणि कोणीही ती लावून पाहू शकतो. 'घरात घेऊ नका' यातले घर बहुधा सभेचे घर. त्यामुळे प्रश्न एका रात्रीच्या आसऱ्यापेक्षा बोलायला व्यासपीठ देण्याचा आहे. दियत्रफेसाकडे कसोटी नाही. माणूस वडिलाकडून आला, एवढेच पुरेसे. त्याच्या नकाराची तपासणी करायची सोय कोणालाच उरत नाही, कारण तपासू पाहणारा बाहेर.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावी. दुसऱ्या पत्रातला नियमही धारदार आहे. २ योहान ११ मध्ये नुसते क्षेमकुशल विचारणाराही दुष्कर्मांचा भागीदार ठरतो. अशी सुरी एकदा घरात ठेवली की ती कोणाच्या हातात जाईल हे सांगता येत नाही, आणि दियत्रफेसाने ती याच घरातून उचलली असण्याची शक्यता मी नाकारणार नाही. वडिलाचा स्वतःचा उपाय मात्र मोजका आहे: मी आलो तर त्याच्या कृत्यांची समोरासमोर आठवण करून देईन. गायसाला तो 'दियत्रफेसाला काढा' असे सांगत नाही. 'वाइटाचे अनुकरण करू नकोस' म्हणतो, आणि त्याच्या दारात आलेल्या पाहुण्याकडे वळतो.

पुढच्या दोन-तीन पिढ्यांनी या अडचणीवर काय तोडगा काढला ते पाहण्यासारखे आहे. दार उघडे ठेवायचे, पण फसायचे नाही.

'दिदाखे' ही बहुधा सिरिया भागातली, पहिल्या शतकाच्या अखेरच्या आसपासची छोटी नियमपुस्तिका. १०५६ साली लिहिलेल्या तिच्या प्रतीचा शोध फिलोथेओस ब्रिएनिओस यांना १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये लागला आणि १८८३ मध्ये ती छापली गेली. तिच्या ११ ते १३ या प्रकरणांत मोजून मापून नियम दिले आहेत. येणाऱ्या प्रेषिताला प्रभूसारखे स्वीकारा. त्याने एक दिवस राहावे, गरज पडली तर दुसराही. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना त्याने पुढच्या मुक्कामापर्यंत पुरेल एवढी भाकर घ्यावी, आणखी काही नाही. पैसे मागितले तर खोटा. संदेष्ट्याने आत्म्यात असताना 'जेवण मांडा' असा आदेश दिला तर त्याने स्वतः ते खाऊ नये. खाल्ले तर खोटा. (हा नियम लिहावा लागला, म्हणजे त्याआधी काय काय झाले असेल याची कल्पना करा.) साध्या प्रवाशाला दोन किंवा तीन दिवस. त्याला स्थायिक व्हायचे असेल आणि हातात कसब असेल, तर काम करून खावे. कसब नसेल तर मंडळीने विचार करून व्यवस्था लावावी, पण ख्रिस्ती म्हणवणारा कोणी आळशी बसून राहू नये. ऐकत नसेल तर तो 'ख्रिस्तेम्पोरोस', ख्रिस्ताच्या नावावर धंदा करणारा.

हे नियम पाहुण्याला मोजतात आणि यजमानालाही. दिवसांची संख्या ठरली की नकार देणाऱ्याला कारण दाखवावे लागते आणि आग्रहाने घेणाऱ्याला मर्यादा कळते. कडी एकाच्या हातात राहत नाही.

फसवणूक काल्पनिक नव्हती. व्यंगलेखक लुकियानने पेरेग्रिनोस नावाच्या माणसाची हकिगत लिहिली आहे. तो ख्रिस्ती मंडळ्यांत पुढारी बनला, तुरुंगात गेला तेव्हा रोमन आशिया प्रांताच्या शहरांतून मंडळींची माणसे मदत घेऊन आली, आणि त्याने त्यावर बरीच कमाई केली. शेवटी निषिद्ध काहीतरी खाल्ल्यावरून ख्रिस्ती लोकांनी त्याला दूर केले. १६५ साली त्याने ऑलिंपियात स्वतःला जाळून घेतले. लुकियान ख्रिस्ती लोकांना भोळसट म्हणून हसतो. पण दिदाखे वाचली की कळते, ते तितके भोळे नव्हते.

रोममध्ये दुसऱ्या शतकात लिहिलेल्या 'हर्मासचा मेंढपाळ' या ग्रंथाने कसोटी उलट्या बाजूने, म्हणजे पुढाऱ्याला लावली. अकराव्या आज्ञेत खोट्या संदेष्ट्याची लक्षणे आहेत: स्वतःला उंचावतो, पहिले आसन मागतो, वाचाळ असतो, चैनीत राहतो, मोबदला घेतल्याशिवाय भाकीत करत नाही, आणि नीतिमानांच्या सभेत न येता कोपऱ्यात एकेकट्याला गाठतो. तिथला एक दृष्टान्त घरगुती आहे. कोठीत तेलाचे किंवा द्राक्षारसाचे भरलेले रांजण लावले आणि त्यांत एक रिकामा ठेवला, तर पुढे कोठी उपसताना तो रिकामाच सापडतो. याच ग्रंथात दुसरीकडे चांगल्या अध्यक्षांची ओळख सांगितली आहे ती अशी की ते देवाच्या सेवकांना आनंदाने आपल्या घरात घेत. पहिले आसन की उघडे दार, ही निवड दियत्रफेसापासूनच चालत आलेली दिसते.

पुढे व्यवस्था बदलली. सुमारे १५५ साली जस्टिन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की रविवारच्या सभेत जमलेला पैसा अध्यक्षस्थानी असलेल्याकडे ठेवतात आणि तो अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि गावात आलेले परदेशी यांची काळजी घेतो. सोय वाढली, पण पूर्वी पाच घरांत विभागलेला पाहुणचार आता एका तिजोरीत आला. २५१ मध्ये रोमचा अध्यक्ष कॉर्नेलिअस आपल्या मंडळीची मोजदाद देतो: ४६ वडील, ७ सेवक, ७ उपसेवक, ४२ सहायक, भुते काढणारे, वाचक आणि द्वारपाल मिळून ५२, आणि पंधराशेहून अधिक विधवा व गरजू. दारासाठी वेगळा माणूस नेमलेला इथे दिसतो. शिफारसपत्रेही सक्तीची होत गेली. ३४१ च्या अंत्युखियाच्या परिषदेच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सातव्या नियमात 'शांतिपत्राशिवाय परक्याला स्वीकारू नये' असे आहे. ४५१ च्या खाल्केदोन परिषदेने अकराव्या नियमात गरजू प्रवाशांना शांतिपत्र द्यावे आणि शिफारसपत्र फक्त प्रतिष्ठितांना, असा भेद केला. ख्रिस्ती लेखक टर्टुलियनने २०० च्या आसपास मंडळ्यांच्या ऐक्याच्या तीन खुणा सांगितल्या होत्या: शांतीची देवाणघेवाण, बंधू ही हाक आणि पाहुणचाराची जुळती खूण. ही खूण म्हणजे रोमन घराण्यांत दोन भागांत विभागून ठेवत ते चिन्ह. पाहुण्याचा भाग यजमानाच्या भागाला जुळला की ओळख पटली.

एकाच हातात सगळे आले की काय होते, याचा नमुना समोसाताच्या पौलात दिसतो. तो अंत्युखियाचा अध्यक्ष. २६८ मध्ये परिषदेने त्याला काढले. त्या परिषदेचे पत्र इतिहासकार युसेबियसने जपून ठेवले आहे. विरोधकांनी लिहिलेले आहे, म्हणून चिमूटभर मीठ लावून वाचावे. तरी तपशील बोलके आहेत: उंच चौथरा आणि सिंहासन, न्यायाधीशांसारखी खासगी खोली, बाजारातून चालताना पुढेमागे रक्षक आणि चालता चालता पत्रे सांगणे, अध्यक्षापेक्षा 'दुकेनारियुस' या सरकारी हुद्द्याने ओळखले जाण्याची हौस, आणि प्रवचनाला टाळ्या न देणाऱ्यांना दटावणे. काढल्यावरही तो मंडळीचे घर सोडेना. शेवटी सुमारे २७२ मध्ये प्रकरण सम्राट औरेलियनकडे गेले. त्याने निकाल दिला की इटलीचे आणि रोमचे अध्यक्ष ज्यांना पत्र लिहितात त्यांच्या ताब्यात घर द्या. घर कोणाचे, हे पुन्हा पत्रानेच ठरले.

याच शतकात सिरियात लिहिली गेलेली 'दिदास्कालिया' ही नियमपुस्तिका मात्र वेगळ्या वळणाची आहे, आणि गर्विष्ठ पुढारीपणावर सगळ्यांत नेमका उपाय मला तिथे दिसतो. सभा चालू असताना मान असलेला माणूस आत आला तर अध्यक्षाने बोलणे थांबवू नये, उठून जागा देऊ नये. बंधूंपैकी कोणी देईल. पण गरीब पुरुष किंवा स्त्री आली, आपल्या मंडळीची असो वा परगावची, विशेषतः वयस्कर, आणि जागा नसेल, तर अध्यक्षाने मनापासून जागा करून द्यावी, स्वतःला जमिनीवर बसावे लागले तरी. परगावचा अध्यक्ष आला तर त्याला आपल्या शेजारी बसवावे आणि बोलायला सांगावे. रोमचा अध्यक्ष अनिसेतस याने हे आधीच करून दाखवले होते. सुमारे १५५ मध्ये स्मुर्णाचा पॉलिकार्प रोमला आला. पुनरुत्थानाच्या सणाच्या तारखेवर दोघांचे जमले नाही, तरी अनिसेतसने प्रभुभोजनाचा मान पाहुण्याला दिला.

हे पत्र अभ्यासवर्गात घेणार असाल तर काही ठिकाणी गाडी हमखास घसरते, तेवढे सांगतो.

'वडील' हा शब्द. मराठी ऐकणाऱ्याला तो बाप वाटतो आणि सगळे पत्र घरगुती सल्ल्यासारखे वाचले जाते. मूळ 'प्रेस्बुतेरोस', मंडळीतला वडील. सुरुवातीलाच फोड करून द्या.

दुसरे वचन. 'सर्व गोष्टींत तुझी भरभराट होवो, आरोग्य लाभो' हे वाक्य समृद्धीच्या अभिवचनासारखे फळ्यावर लिहिलेले आढळते. त्या काळच्या पपायरस पत्रांत आरोग्याची इच्छा हा ठरलेला आरंभ असतो, आपल्या 'सप्रेम नमस्कारा'सारखा. वडिलाने त्यात 'तुझा जीव जसा सुखरूप आहे तसे' ही भर घातली, ती मात्र त्याची.

गायस. नव्या करारात हे नाव करिंथचा, मासेदोनियाचा, दर्बेचा अशा निरनिराळ्या माणसांना आहे. रोमन नावांत ते आपल्याकडच्या गणपत-विठ्ठलाइतके सर्रास. करिंथच्या गायसाला पौल 'माझा आणि सर्व मंडळीचा यजमान' म्हणतो, म्हणून दोघांना एक करण्याचा मोह होतो. करू नका.

आणि शेवटचे, सर्वांत महागात पडणारे: मंडळीत आपल्याशी न पटणाऱ्या पाळकाला 'दियत्रफेस' म्हणून मोकळे होणे. मतभेद म्हणजे दियत्रफेस नव्हे. मागच्या पाच आरोपांतला चौथा आणि पाचवा लागू होतो का ते पाहा: दुसऱ्यांना अडवले का, आणि अडवणूक न मानणाऱ्यांना बाहेर काढले का. लागू होत नसेल तर हा शब्द खिशात ठेवा.

वर्गात वेळ कमी असेल तर एकच काम करा. पत्र मोठ्याने वाचा, दोन मिनिटे लागतात, आणि 'स्वीकारणे', 'वाटेला लावणे', 'अडवणे', 'काढणे' ही क्रियापदे फळ्यावर लिहून प्रत्येकासमोर कर्ता लिहा. पाहुण्याला पुढे नेणारी क्रियापदे कोणाकडे जातात आणि मागे ढकलणारी कोणाकडे, ते न सांगता दिसते.

राहिला देमेत्रिय. बाराव्या वचनात त्याचे नाव एकदम येते आणि त्याला तीन साक्षी आहेत: सर्वांची, खुद्द सत्याची, आणि आमची. एवढी जोरदार शिफारस विनाकारण होत नाही. त्या काळचे पत्र कोणीतरी पायी घेऊन जायचे, आणि पत्रात ज्याची शिफारस तोच बहुतेक वेळा पत्र घेऊन जाणारा असे, फीबीसारखा. म्हणजे गायस हे वाचत होता तेव्हा देमेत्रिय बहुधा त्याच्या उंबऱ्यावर उभा होता, पायांवर रस्त्याची धूळ घेऊन. गावात दियत्रफेस काढून टाकतो हे गायसाला माहीत होते. आत घ्यायचे की नाही, हे त्याला त्याच संध्याकाळी ठरवायचे होते.